तिसऱ्यांदा विचारलं तर

आर्डिस होल्ते सकाळी उठायची तीच थकलेली उठायची. तरुणपणी माणूस दिवस संपताना दमतो, आर्डिस दिवस सुरू व्हायच्या आधीच दमलेली असायची. पहाटे पाचला अंगावर नवऱ्याचा जुना जाड कोट चढवायचा, बर्फ तुडवत अंगणात जायचं आणि शाळेच्या पिवळ्या बसच्या इंजिनाला जोडलेली विजेची तार काढायची. आमच्याकडे उत्तर मिनेसोटात रात्रभर इंजिनाला ऊब दिली नाही, तर सकाळी ते हूं की चूं करत नाही. आर्डिसला अशी ऊब द्यायला कुणी नव्हतं. नवरा रॉजर जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी फार्गोच्या इस्पितळात पाळ्या करायची आणि सात वर्षांची नात ब्रिट आजीकडेच राहायची.

आमच्या एल्मडाल गावच्या शाळेत आर्डिसने निम्मं आयुष्य तिसरीचा वर्ग शिकवला. मग मुलं कमी झाली म्हणून ती शाळा बंद झाली आणि सगळ्यांना रॉसबीच्या मोठ्या शाळेत जोडून टाकलं. रॉसबी म्हणजे बीटाच्या शेतांमधून सरळ, कंटाळवाणा, तासाभराचा रस्ता. शिक्षिकेची जागा गेली, पण ड्रायव्हर मिळत नव्हता, तेव्हा आर्डिसने बस चालवायचा परवाना काढला. ज्यांच्या आईबापांना तिने पाढे शिकवले, त्यांची पोरं आता तिच्या पाठीमागे खिडकीला डोकं टेकून झोपायची. रॉसबीला उतरताना एकेकाच्या कपाळावर काचेचा लाल वळ उमटलेला असायचा, आणि तो तिला रोज आरशात दिसायचा.

चर्चच्या कॉफीवर एकदा विषय निघाला की गावाने स्वतःची चार्टर शाळा काढावी. म्हणजे शाळा सरकारी पैशावरच चालते, फी नाही, पण कारभार गावाचा, आणि सुरुवातीच्या खर्चाला वेगळं सरकारी अनुदान मिळतं. सगळ्यांना पटलं. "कुणीतरी मनावर घ्यायला हवं," असं सगळे म्हणाले आणि आपापल्या कपात बघू लागले. आमच्या गावात अशा वेळी ज्याच्याकडे कुणीच बघत नाही, त्याच्या गळ्यात काम पडलं असं समजावं. त्या दिवशी आर्डिसकडे एकानेही पाहिलं नाही.

तेव्हापासून ती संध्याकाळी बस लावली की स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसायची आणि अनुदानाचे अर्ज लिहायची. शाळेचे उद्दिष्ट काय, गरज कशावरून, छप्पर कुणाचं, शौचालयं किती. त्या भाषेने तिला नाकीनऊ आणले. एका पानावर विचारलेलंच दुसऱ्या पानावर वेगळे कपडे घालून पुन्हा उभं असायचं. ती निमूटपणे पुन्हा लिहायची. शेवटी अनुदानाचा पहिला, तयारीपुरता हप्ता मंजूर झाला आणि सेंट पॉलहून रेनिटा गॅस्किन्सबाईंचा फोन आला. अनुदानाची फाइल त्यांच्याकडे होती. बाई मूळच्या डेट्रॉइटच्या, स्वभावाने चांगल्या, पण बोलणं एक घाव दोन तुकडे.

"या रकमेत काम बघणाऱ्या माणसाचा पगार धरलाय," बाई म्हणाल्या. "तो तुम्ही घेणार ना?"

"छे हो, त्याची काही गरज नाही," आर्डिस म्हणाली. "माझं भागतंय."

"बरं. मग ते पैसे बाकांकडे वळवते." आणि फोन बंद झाला.

आता इथे आमच्या माणसांबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडे कॉफी घेणार का विचारलं तर माणूस पहिल्यांदा नको म्हणतो. दुसऱ्यांदा म्हणतो, माझ्यासाठी मुद्दाम करू नका. तिसऱ्यांदा आग्रह झाला की म्हणतो, बरं, उरली असेल तर अर्धा कप. आणि मग तीन कप पितो. पहिल्या विचारण्याला हो म्हणणाऱ्या माणसाला आमच्याकडे हावरा समजतात, आणि एकदाच विचारून थांबणाऱ्याला मुळात द्यायचंच नव्हतं असं धरतात. आर्डिस महिनाभर दुसऱ्या फोनची वाट बघत होती. मग बाक आले. चांगले होते.

दुसरा, मोठा हप्ता मिळायचा तर दोन गोष्टी हव्या होत्या. मार्चअखेर साठ मुलांची नावं आणि पगारी मुख्याध्यापक. फुकट राबणारा माणूस सरकारला चालत नाही, उद्या सोडून गेला तर काय करायचं? दोन्हींतलं एक जरी राहिलं, तरी अनुदान नाही. आणि अनुदान नाही म्हणजे शाळा नाही, रॉसबीची बस कायमची. हे गावात पोरासोरांनाही माहीत होतं.

मुख्याध्यापकासाठी जाहिरात दिली. शिकागोहून एक गृहस्थ आले, फेब्रुवारीत आले हीच त्यांची चूक. गाडीतून उतरले, वाऱ्याने टोपी उडून थेट शेतात गेली, आणि टोपी आणायला म्हणून गेलेले गृहस्थ मनाने काही परत आले नाहीत. त्यानंतर एकही अर्ज नाही. नव्या शाळेच्या कारभारी बोर्डाचा अध्यक्ष व्हर्नन लिंडाल, बीटाची शेती करून निवृत्त झालेला, दर बैठकीत म्हणायचा, "मिळेल कुणीतरी." आर्डिस तिथेच समोर बसलेली असायची. बोर्डातल्या कुणीही कधी म्हटलं नाही की आर्डिस, तूच का होत नाहीस. तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं की आपण त्यांना नको आहोत. म्हातारी झालो, बस चालवतो, कोण विचारतंय. हे तिला लागलं होतं, खूप लागलं होतं, पण लागलंय हे दाखवणं म्हणजे मागण्यासारखंच झालं असतं.

मुलांच्या नावांचं त्याहून विचित्र झालं. अनुदानाच्या नियमाप्रमाणे चर्चच्या फलकावर सूचना लावावी लागली, की जागा मोजक्या आहेत, जास्त मुलं आली तर चिठ्ठ्या टाकून निवड होईल. दुसऱ्या कुठल्याही गावात अशी सूचना वाचून लोक धावत सुटतात म्हणे. आमच्या लोकांनी ती वाचली, मान डोलावली आणि एक पाऊल मागे घेतलं. जागा मोजक्या, मग आपण कशाला अडवायच्या? आर्डिसने बसच्या दारातून एकेका आईला विचारलं, तर प्रत्येकीचं उत्तर तेच, "अगं, दुसऱ्यांची होऊ देत आधी." आर्डिस बरं म्हणायची आणि दार लावायची. पुढच्या थांब्याला उशीर होत असायचा. मार्च निम्मा सरला तरी नावांची यादी कोरीच होती.

गॅस्किन्सबाईंचा फोन आला. "आर्डिस, खरं सांगा. गावाला शाळा हवी आहे का? मला वरती उत्तर द्यायचंय."

"हवी आहे हो."

"मग नावं कुठे आहेत? मी बुधवारी येते. स्वतः बघते."

बुधवारी संध्याकाळी, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, चर्चच्या तळघरात सगळं गाव सूप प्यायला जमतं. त्या दिवशी वाटाण्याचं दाट सूप होतं, पाव होते आणि गावातल्या लॉरेन मो हिने केलेल्या लिंबाच्या वड्या. गॅस्किन्सबाई शहरातले बूट घालून आल्या होत्या, ते ओले होऊन त्यांचे पाय गारठले होते, पण चेहऱ्यावर काही नाही. आर्डिसने त्यांना शेगडीजवळची खुर्ची दिली आणि स्वतः शेजारी बसली. तिचे डोळे मिटत होते. सकाळी घसरणीवर बस दोनदा आडवी होता होता वाचली होती, आणि आता बाई परत गेल्या की सगळं संपणार, या विचाराने तिला दुःखाआधी सुटल्यासारखंच वाटत होतं. त्याची तिला लाज वाटली.

टेबलावरच्या ताटलीत एकच वडी उरली होती. व्हर्नन आला, त्याने सुरीने तिचा अर्धा भाग कापून घेतला. मग लॉरेन आली, तिने अर्ध्याचा अर्धा घेतला. मग लॉरेनच्या नवऱ्याने त्याच्याही निम्मा. ताटलीत नखाएवढा तुकडा राहिला, आणि लोक त्याच्याकडे न बघता बाजूने जाऊ लागले.

गॅस्किन्सबाई चमचा धरून बघत होत्या. "हे काय चाललंय?"

"शेवटचं कुणी घेत नाही," आर्डिस म्हणाली.

"का?"

"दुसऱ्या कुणाला हवं असलं तर?"

"मग तो दुसरा घेतो?"

"नाही. त्यालाही तसंच वाटतं."

"मग खातं कोण?"

"कुणी नाही. भांडी घासणारी टाकून देते."

बाईंनी चमचा खाली ठेवला. त्या नखाएवढ्या तुकड्यावरून त्यांची नजर आर्डिसकडे वळली. मग हळूच म्हणाल्या, "आर्डिस, मी पगाराचं विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात."

आर्डिस पावाचे तुकडे करू लागली.

"किती वेळा विचारायचं असतं तुमच्याकडे?"

"तीनदा," आर्डिस म्हणाली. "तुमचा काही दोष नाही. तुम्हाला कसं माहीत असणार?"

"तुम्ही वाट बघत होतात?"

"थोडी."

"अरे देवा," बाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदम. मग त्यांनी डोळे बारीक केले. "आणि या लोकांना मुलांचं तुम्ही किती वेळा विचारलंत?"

आर्डिसचा हात पावावरच राहिला. एकदा. तिने प्रत्येकीला एकदाच विचारलं होतं. जन्म या गावात गेला, रॉजरने लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा तिने त्याला दोनदा परत पाठवलं होतं, आणि तिने एकेका आईला बसच्या दारातून एकदा विचारलं, 'दुसऱ्यांची होऊ देत' हे ऐकलं आणि खरं मानून दार लावलं. का, तर पुढचा थांबा होता. का, तर ती दमली होती. सेंट पॉलच्या बाईला एक वेळ माफ होतं, पण आर्डिसला माफ नव्हतं.

ती उठली. ठरवून उठली असं नाही, गुडघ्यांनीच तिला उभं केलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि लोक वळले. आमच्याकडे सुपाच्या वेळी पाद्रीखेरीज कुणी उभं राहून बोलत नाही.

"माझ्यात आता घराघराला फिरायचं त्राण नाही," आर्डिस म्हणाली. "म्हणून सगळ्यांना एकदमच विचारते. पहिल्यांदा मी विचारलंय, तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलंय. ते झालं. आता दुसऱ्यांदा विचारते. तुमची मुलं इथल्या शाळेत घालणार का?"

कुणी खोकलं. कुणी रुमाल काढला. मागून एक आवाज आला, "म्हणजे बघ, रॉसबी काही वाईट नाही..."

"ठीक. दुसऱ्यांदाही नको झालं," आर्डिस म्हणाली. "तुमची पोरं माझ्या पाठीमागे झोपतात. त्यांच्या कपाळावर वळ येतात ते मी रोज बघते. तुम्ही एकमेकांसाठी इतकी जागा सोडलीत की सगळी शाळाच रिकामी राहिली. आता तिसऱ्यांदा विचारते. चौथ्यांदा विचारणार नाही, मला उद्या पाचला उठायचंय."

शेगडीवर सूप खदखदत होतं. मग लॉरेन मो हात पुसत उठली.

"बरं बाई, आमची दोन घे मग. पण खरंच कुणाची अडचण होत असेल तर..."

"लॉरेन, गप्प बस आणि नावं सांग."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या हसण्याने बूच निघालं. खुर्च्या सरकल्या. आर्डिसच्या टेबलाशी रांग लागली, आणि रांगेतही प्रत्येक जण मागच्याला म्हणत होता, तू हो पुढे. शेवटी गॅस्किन्सबाईंनीच खांद्याला धरून एकेकाला पुढे ढकललं. त्यांना तो नियम माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायचीही इच्छा नव्हती. सूप गार व्हायच्या आत साठाचा आकडा मागे पडला.

व्हर्नन टेबलाशी आला, पण त्याची नातवंडं केव्हाच कॉलेजात गेलेली. "ब्रिटचं नाव लिहिलंस का?" त्याने विचारलं.

आर्डिस गोरीमोरी झाली. "माझंच काम आणि माझीच नात पुढे केली असती, तर लोक काय म्हणाले असते?"

"लोक इथेच बसलेत. विचार त्यांना."

"म्हणाले असते, म्हातारीला अक्कल आली," लॉरेनने भांड्यांमागून सांगितलं. ब्रिट कोटांच्या ढिगावर तोंड उघडं टाकून झोपली होती. आर्डिसने तिचं नाव लिहिलं.

नंतर भांडी घासायला तिघंच उरली. आर्डिस घासत होती, व्हर्नन विसळत होता आणि गॅस्किन्सबाई त्या ओल्या बुटांत उभ्या राहून पुसत होत्या. सगळ्यांत शेवटी लिंबाच्या वडीची ताटली राहिली होती, तो तुकडा अजून तसाच.

"मुलं झाली," बाई म्हणाल्या. "मुख्याध्यापकाची जागा अजून कोरी आहे. ती कोरी राहिली तर मी काही करू शकत नाही. बोर्डाच्या मनात कोण आहे?"

व्हर्नन नळाकडे बघत बोलला. "मनात पहिल्यापासून आर्डिसच आहे. पण तिने पगाराला मागेच नको म्हटलं ना. आम्ही ठरवलं, तिला उगाच अडचणीत टाकायचं नाही."

आर्डिसचे हात साबणाच्या पाण्यात होते. इतके महिने ती समोर बसली होती आणि ही माणसं तिला सांभाळत होती. शिकागोच्या त्या गृहस्थाच्या मागोमाग टोपी शोधायला तीही शेतात धावली होती. तिला या सगळ्यांचा इतका राग आला, आणि इतकी माया दाटून आली, की तिने घासलेलीच वाटी पुन्हा घासायला घेतली.

गॅस्किन्सबाईंनी फडकं खांद्यावर टाकलं. "मी तुम्हाला एकदा विचारलंय. आता दुसऱ्यांदा विचारते. पगार घेऊन ही शाळा तुम्ही चालवणार का?"

आणि आर्डिसचं तोंड आपोआप बोललं. "छे हो. माझं वय झालंय. कुणीतरी तरुण मिळेल की."

बोलली आणि तिला स्वतःच्याच जिभेची भीती वाटली. नळ वाहत होता. बाई पुढचं विचारायला तोंड उघडणार तोच व्हर्ननने ओला हात वर केला.

"थांबा. तिसऱ्यांदाचं आमचं आहे." त्याने नळ बंद केला, विजारीला हात पुसले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. असं बघायचीही आमच्याकडे पद्धत नाही. "आर्डिस, घेतेस का शाळा?"

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला हात कोरडे नव्हते. तिने ओट्याला टेका दिला. कोणीतरी आपल्याला शेवटपर्यंत विचारावं एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी ती किती दमली होती.

"घेते," ती म्हणाली.

व्हर्ननने मान हलवली आणि पुन्हा नळ सोडला. त्याच्या मते बोलणं संपलं होतं. पण आर्डिसने ताटलीतला तो नखाएवढा तुकडा उचलून तोंडात टाकला, नीट चावून गिळला आणि गॅस्किन्सबाईंकडे वळून, आमच्या गावात तोवर कुणी कुणाला न विचारलेला प्रश्न विचारला.

"किती आहे पगार?"